दिवेलागणीचा वर्ग

परवा आमच्या बिल्डिंगमधली एक तरुण आई मला विचारत होती, "आजी, शाळा सुटल्यावर मुलाला क्लासला घालू का? मार्क वाढतात का हो त्याने?"

मी म्हटलं, "वाढतात!"

"इतक्या खात्रीने कसं सांगता?"

आता हिला काय सांगणार? मास्तरकीत जन्म घालवलेल्या माणसाकडे पेन्शन थोडी आणि किस्से फार. ते कोणी मुद्दाम जमवत नाही. खडूची पूड लुगड्यावर बसते तसे बसत जातात, आणि एक झटकायला गेलं की चार उडतात. माझी खात्री त्या किश्श्यांतच आहे, एका वाक्यात ती सांगता यायची नाही. ती बिचारी पाच मिनिटांसाठी आली होती, दोन तास बसली.

गोष्ट पन्नास सालानंतरची, पनवेलची. मी तिथे प्राथमिक शाळेत सातवीला शिकवत होते. सातवीची परीक्षा तेव्हा सरकारी असायची. आम्ही तिला 'फायनल' म्हणायचो, आणि फायनल झालेल्याला पुढे ट्रेनिंग घेऊन शिक्षक होता यायचं. म्हणजे ती परीक्षा नव्हतीच, दरवाजा होता! आणि खाडीकडच्या आळीतली आमची मुलं त्या दरवाजावर दरसाल डोकं आपटून परत यायची.

मी हेडमास्तरांना म्हटलं, "पाचला शाळा सुटली की मी मुलांना थांबवून घेते. दिवेलागणीपर्यंत अभ्यास घेते."

हेडमास्तर म्हणाले, "दिवसभर शिकून जे डोक्यात शिरत नाही, ते संध्याकाळी थकल्यावर शिरेल?"

"शिरेल."

"मग दाखवा! ती मिठागरातल्या बाळारामची हिरा आहे ना, गेल्या वर्षी गणितात गचकलेली? तिला पास करून दाखवा. झाली तर वर्ग चालू, नाही झाली तर बंद."

हिराच्या बापाकडे गेले तर त्याचीही अटच! बाळाराम आगरी माणूस, बोलायला रोखठोक. म्हणाला, "बाई, गव्हानचं स्थळ आलंय. येक वरीस थांबतो. पोर फायनल पास झाली तर तुमची, खुशाल मास्तरीन करा. नाय झाली तर गव्हानची."

झालं! माझा वर्ग आणि हिराचं लग्न एकाच गणिताच्या पेपरला टांगलं गेलं.

* * *

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. आमच्या शाळेत तोवर शाळा सुटल्यावर फक्त शिक्षा झालेली मुलं थांबायची. मी वर्गात सांगितलं, "उद्यापासून सगळ्यांनी पाचनंतर थांबायचं, घरी सांगून या." मुलांनी माना खाली घालून घरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात ही गर्दी! कोणाची आई पदर पसरून उभी, "बाई, पोटात घाला, पोर लहान हाय." कोणी माझ्यासाठी वाटाभर सुकट घेऊन आलेली. मी शाकाहारी, ती सुकट हातात धरून मी सगळ्यांची समजूत काढतेय!

तेवढ्यात आमचा गजा पुढे आला. गजा हिराच्या शेजारचा, गोरागोमटा आणि बोलका. त्याचा गाल लाल दिसत होता. "बाई, मी काय केलं ते तरी सांगा. मार तर खाऊन झाला!"

त्याचा बाप मागेच उभा होता. मी त्याला म्हटलं, "अहो, शिक्षा नाही ही! अभ्यासासाठी थांबायचंय."

त्याने गजाच्या गालाकडे बघितलं. मग म्हणाला, "आन दिलेला मार?"

मी म्हटलं, "तो पुढच्या खोडीत वळता करा."

गजाने त्या बोलण्याचा पुरेपूर फायदा घेतला. पुढचे दोन महिने तो काहीही केलं की ओरडायचा, "बा, माझं आदीचं जमा हाय!"

* * *

आमच्याकडे मुळे मास्तर म्हणून गणिताचे शिक्षक होते. माणूस सज्जन, पण प्रत्येक गोष्ट पडताळून घेतल्याशिवाय विश्वास नाही. वर्ग सुरू होताच ते म्हणाले, "बाई, असं हवेत बोलू नका. प्रयोग करू. हजेरीपटावरचे विषम नंबर संध्याकाळी थांबतील, सम नंबर घरी जातील. सहामाहीला दोघांचे मार्क ताडून बघू."

मला ते पटलं. हिरा विषम होती, गजा सम. ठरल्याप्रमाणे सगळं कडक पाळलं. सम नंबरचं एकही मूल पाचनंतर वर्गात फिरकू दिलं नाही.

सहामाहीचा निकाल लागला. विषमांचे मार्क वाढले. आणि समांचेही वाढले! अगदी तेवढेच!

हेडमास्तरांना आनंद झाला. "म्हणजे वर्गात न बसताही मार्क वाढतात. मग वर्ग कशाला?" मुळे मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मार्क तेच राहिले.

मी गजाला बोलावलं. "तू पाचनंतर घरी जाऊन काय करतोस रे?"

"घरी कवा जातो, बाई? मी समोर पिंपळाखाली बसतो. हिराला घरी न्यायला."

"का?"

"भातगिरणीजवळ कुत्रा हाय. लय चावरा. ती एकटी कशी जाईल?"

हिरा पुढे आली. "मग तो सोडतो तर मी त्याला वाटेत समदं शिकवते. फुकट कसं सोडंल?"

चौकशी केली तर सगळ्या वर्गाची हीच तऱ्हा! खाडीकडच्या आळीतून शाळेपर्यंत ती एकच वाट, आणि वाटेत तो कुत्रा. प्रत्येक विषमाने आपला एक सम धरून ठेवला होता. जे मी शाळेच्या व्हरांड्यात शिकवत होते, ते अर्ध्या तासात वाटेवर दुसऱ्यांदा शिकवलं जात होतं.

मुळे मास्तर म्हणाले, "प्रयोग फसला."

मी म्हटलं, "फसला कसला? एका पगारात दोन वर्ग चालले!" दुसऱ्या दिवसापासून सम-विषम सगळे वर्गात बसले, आणि मुळे मास्तर स्वतः गणित घ्यायला थांबू लागले.

* * *

मुळे मास्तर थांबले आणि हौदाच्या गणितावर अडकले. तुम्हाला आठवत असेल ते, एका हौदाला दोन नळ, एकाने पाणी येतं, दुसऱ्याने जातं, तर हौद किती वेळात भरेल? हिराचं डोकं त्याच गणितावर बंद व्हायचं. गेल्या वर्षी ती गचकली ती त्याच्यावरच.

मास्तरांनी चारदा समजावलं. हिरा पाटीवर नळ काढत बसली. शेवटी म्हणाली, "मास्तर, खालचा नळ आदी बंद का नाय करत?"

"अगं, गणितात तो उघडाच आहे."

"पन का? पानी भरायचंय आन खाली उघडं ठेवलंय. आमच्या आगरात असं केलं तर बा मारंल."

मास्तर चिडले. मी मधे पडले, "मास्तर, हौद सोडा. मिठागर घ्या." मिठागराला खाडीचं पाणी घ्यायला दार असतं, त्याला ते लोक उघाडी म्हणतात. मास्तरांनी सुस्कारा टाकून नवं गणित घातलं. एका आगरात भरतीचं पाणी येतंय, आणि एक आळशी माणूस दुसरी उघाडी बंद करायला विसरलाय, तिच्यातून पाणी जातंय. आगर केव्हा भरेल?

हिराने पाटी घेतली, जरा वेळ खरडलं आणि उत्तर दाखवलं. बरोबर! मास्तर खुर्चीतून उठलेच. पण उत्तराखाली तिने अजून एक ओळ लिहिली होती.

मास्तरांनी मोठ्याने वाचली: "आणि त्या माणसाला कामावरून काढला."

* * *

पावसाळा सरला आणि हजेरीचं एक कोडं पडलं. काही दिवस वर्ग भरगच्च, काही दिवस चिटपाखरू नाही. हेडमास्तर कर्मठ माणूस. त्यांनी पंचांग काढलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बाई, पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे वर्ग रिकामा! हे अनध्यायाचे दिवस. शास्त्रात या दिवशी अध्ययन वर्ज्य आहे. तुमच्या वर्गाने मार्क वाढोत न वाढोत, संस्कार मात्र झाले!"

शाळा कमिटीच्या बैठकीत त्यांनी हे अभिमानाने सांगितलं. कमिटीचे अध्यक्ष भातगिरणीवाले शेट, तेही हेलावले. फक्त एक गोष्ट हेडमास्तरांना खटकत होती. शास्त्राप्रमाणे अष्टमीलाही अनध्याय, आणि अष्टमीला तर बसायला जागा नसायची.

पुढच्या अमावास्येला संध्याकाळी मी आणि मुळे मास्तर खाडीवर गेलो. आणि बघतो तर माझा सगळा वर्ग गुडघाभर चिखलात! हातात खेकडे धरायचे आकडे, कमरेला टोपल्या, गजाच्या बोटाला चिंबोरी लटकलेली आणि तो नाचतोय.

"हिरा! वर्ग सोडून हे काय?"

"बाई, पुनव-आवसेला सांजंला ओहोटी असते. चिंबोऱ्या काय आमच्यासाठी थांबतात काय?"

"आणि अष्टमीला बरे येता सगळे!"

"अष्टमीला सांजंला खाडी भरलेली असते," हिरा म्हणाली. "मग काय करनार? येतो शाळेत!"

हेडमास्तरांना हे सांगायला मी मुळे मास्तरांना पुढे केलं. हेडमास्तरांनी दोन दिवस पंचांगाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपलं पंचांग माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "टाइमटेबल यावरून लावा." तेव्हापासून ओहोटीच्या दिवसांत वर्ग सकाळी शाळेआधी आणि भरतीच्या दिवसांत संध्याकाळी. तिथी बघून चालणारा जादा तास दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल तर मला दाखवा!

* * *

थंडीत दिवस लहान झाले, तेव्हा शेटजींनी एक गॅसबत्ती दिली. तिचा उजेड असा लख्ख, की आळीतल्या बायका भुलल्या. घरी चिमणीच्या उजेडात तांदळातले खडे दिसायचे नाहीत. एकेक करून त्या सूप घेऊन आमच्या व्हरांड्यात मागे येऊन बसू लागल्या. पुढे मुलं पाढे म्हणतायत, मागे सुपांचा आवाज. मी त्यांना बसू दिलं. आया मागे बसल्या की मुलं पुढे नीट बसतात, हे कुठल्याही ट्रेनिंग कॉलेजात शिकवत नाहीत.

एकदा मुळे मास्तरांनी हिराला विचारलं, "सतरा नव्वे?"

हिरा छताकडे बघू लागली. सतराच्या पाढ्याशी तिचं हाडवैर होतं.

"सतरा नव्वे, हिरा!"

मागून तिच्या आईचा आवाज आला, "येकशे तिरपन!"

सगळा वर्ग वळून बघू लागला. हिरा लालबुंद झाली. "आये, तुला इचारलं नाय!"

आईने पदर तोंडात कोंबला आणि जोरजोरात पाखडायला लागली.

बाळारामही तेव्हापासून यायला लागला. मायलेकी दोघी, अंधार आणि वाटेत तो गिरणीजवळचा कुत्रा, म्हणून न्यायला. हातात काठी. आत मात्र कधी आला नाही. बाहेरच्या पायरीवर वर्गाकडे पाठ करून बसायचा आणि बिडी ओढायचा.

मी म्हणायचे, "बाळाराम, आत येऊन बसा. थंडी आहे."

"नको, बाई. मी कुत्र्यासाठी हाय."

"अहो, वर्ग सुटायला वेळ आहे, आत उजेड आहे."

"मला काय करायचाय उजेड? मी कुत्र्यासाठी हाय."

मुळे मास्तर थट्टा करायचे, "काय बाळाराम, कुत्रा काय म्हणतो?" तो हसायचा नाही. वर्ग सुटायच्या बराच आधी यायचा, पार शेवटापर्यंत बसायचा आणि दोघींना घेऊन निघायचा.

* * *

फायनल झाली. निकालाचा दिवस उजाडला. खरं सांगते, माझ्या स्वतःच्या निकालाला मी एवढी घाबरले नव्हते. वर्ग गेला असता तर पुढच्या वर्षी परत मागता आला असता. हिरा गेली असती ती गेलीच असती.

मुळे मास्तर निकाल बघायला गेले आणि छत्री विसरून धावत परत आले. हिरा पास! आणि गणितात सगळ्यांत जास्त!

मी देवाला नमस्कार केला आणि हेडमास्तरांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "अभिनंदन. पण हे वर्गामुळेच झालं, याला पुरावा काय? एका वर्षाने मुलीचं वय वाढलं, वयाबरोबर समज वाढली असेल."

मी काही बोलणार, इतक्यात मागून मुळे मास्तर म्हणाले, "साहेब, वय तर आपलंही वाढलं!"

मग हेडमास्तर स्वतःच हसू लागले आणि म्हणाले, "चालू ठेवा वर्ग." त्यांचा हा मोठेपणा मी कधी विसरले नाही.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा सांगितल्याशिवाय मी कोणाला उठू देत नाही.

हिरा पास झाली म्हणजे बाळारामच्या शब्दाप्रमाणे ती माझी झाली, अशा भ्रमात मी होते. तर चार दिवसांनी तोच दारात उभा. नजर जमिनीवर.

"बाई, गव्हानवाले परत आलेत."

"अहो, पण तुमचा शब्द?"

"शब्द हाय. पन ते म्हनतात, पोर पास झालीय, आता आमाला हवीच. त्यांचं सोताचं मिठागर हाय, बाई. मी दुसऱ्याच्या आगरात पाय कुजवले. पोर मालकीन होईल." थोडा थांबून म्हणाला, "उद्या बघायला येतात. तुमी आन मास्तर या. तुमच्यासमोर काय ते होऊ दे."

त्या रात्री मी त्याला मनातल्या मनात खूप बोलले. पण आपल्या मुलीने मालकीण व्हावं असं कुठल्या बापाला वाटणार नाही? हेच मला जास्त छळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. ओटी सारवलेली, घोंगडीवर पाहुणे बसलेले. मुलगा दिसायला चांगला, कोऱ्या करकरीत सदऱ्यात अवघडून बसलेला. बोलत होता तो मुलाचा मामा. हिरा चहा घेऊन आली, पाटावर बसली. आई दाराआड उभी. बाळाराम खांबाला टेकून, पाहुण्यांकडे अर्धी पाठ करून बसलेला, थेट आमच्या पायरीवर बसायचा तसा.

मामाने नेहमीचे प्रश्न विचारले. भाकरी येते का, कालवण येतं का, चिंबोरी साफ करता येते का. हिरा मान हलवत होती.

मी न राहवून म्हटलं, "मुलीला ट्रेनिंगला जायचंय. शिक्षिका व्हायचंय तिला."

मामा हसला. "बाई, शिकली तेवढं बस झालं. आमच्या आगराचा हिशेब ठेवंल. पुढं शाळा कशाला?"

मी बाळारामकडे बघितलं. तो बिडी पेटवत होता. मुळे मास्तर चहाच्या कपात बघत बसले.

मग मामाने रीत म्हणून, उठता उठता विचारलं, "पोरी, तुला काय इचारायचं असंल पोराला तर इचार हां." असं विचारायची पद्धत असते. मुलीने लाजून मान खाली घालायची, तीही पद्धतच असते.

हिराने मान वर केली. सरळ मुलाकडे बघितलं आणि म्हणाली,

"सतरा नव्वे?"

मुलगा छताकडे बघू लागला. मामा मुलाकडे बघू लागला. आतल्या चुलीवरचं आधण ओटीवर ऐकू येत होतं. दाराआड हिराच्या आईने पदर तोंडात घट्ट धरून ठेवला होता, डोळे नुसते भिरभिरत होते. मामाची कानशिलं तापत चालली. त्याने बाळारामकडे बघितलं, म्हणजे आता पोरीला दटावा.

बाळारामने बिडी विझवली. अंगणाकडे बघत, सावकाश म्हणाला,

"येकशे तिरपन."

मग तो उठला. कोपऱ्यातली काठी घेतली आणि पाहुण्यांना म्हणाला,

"चला, रस्त्यापातूर सोडतो. वाटेत कुत्रा हाय."